देवगाव फाटा आणि शोधयंत्रातील मराठी नावे

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे ठिकाण, जालन्याहून मंठामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता जेथे मिळतो, तेथे वसलेले आहे. मराठवाड्यात अशा ठिकाणांची घडण साधारणपणे सारखीच असते : मूळ गाव रस्त्यापासून आत राहते आणि रस्त्याच्या कडेला चहाची हॉटेले, पंक्चरची दुकाने, कृषी सेवा केंद्रे व झेरॉक्सची टपरी अशी दुसरी वस्ती वाढते, जिचे सारे अर्थकारण येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडण्यावर चालते. गेल्या पंचवीस वर्षांत या नजरेस पडण्याला दुसरे एक क्षेत्र उपलब्ध झाले. शोधयंत्र म्हणजे आंतरजालावरील पाने आधी वाचून त्यांतील शब्दांची सूची करून ठेवणारी आणि कोणी काही विचारले की त्या सूचीतून निवडलेली पाने क्रम लावून पुढे करणारी व्यवस्था. आणि त्या क्रमात आपले पान वर यावे म्हणून केलेल्या खटाटोपाला व्यवहारात एसईओ म्हणतात. या खटाटोपाचा इतिहास सहसा अमेरिकी कंपन्यांच्या गणिती युक्त्यांचा आणि त्यांवर मात करू पाहणाऱ्यांच्या क्लृप्त्यांचा म्हणून सांगितला जातो. देवगाव फाट्यासारख्या ठिकाणापुरता मात्र तो प्रामुख्याने अक्षरांचा आणि नावांचा इतिहास आहे, कारण जे नाव यंत्राला वाचताच येत नाही त्याचा क्रम लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

नावांचा गोंधळ यंत्रांच्या फार आधीचा आहे. परभणीचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात राहिला आणि द्वैभाषिक मुंबई राज्यातून १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. निजामाच्या दप्तराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू होती, नकाशे व रेल्वेचे कागद इंग्रजीत होते आणि लोकांचे बोलणे मराठीत, त्यामुळे एकाच गावाचे नाव तीन लिप्यांत तीन तऱ्हांनी लिहिले जाई. तालुक्याच्या गावाला मराठीत सर्वत्र ‘सेलू’ म्हणत असताना जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत ते ‘सैलू’ वाचावे अशा रोमन अक्षरांत छापले जात राहिले. शिवाय सेलू नावाचा दुसरा तालुका वर्धा जिल्ह्यात आहे. देवगाव आणि त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावांची तर गणतीच नको, कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी आहे, बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाजवळ देऊळगाव मही आहे, आणि रोमन लिपीत ‘देव’ हा शब्द कोणी ‘व’ने लिहितो तर कोणी ‘ओ’ने.

टपाल खात्याला हा पेच आंतरजालाच्या कितीतरी आधी सोडवावा लागला. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला, तो नेमका सारख्या नावांमुळे, अनेक भाषांतील लेखनामुळे आणि अपुऱ्या पत्त्यांमुळे पत्रे भलतीकडे जात म्हणून. नावाचा घोळ निस्तरण्यासाठी नावाला अंक जोडण्याची ही युक्ती पुढे जनगणनेच्या गावक्रमांकांतही दिसते. ती पत्र पोचवणाऱ्यासाठी उत्तम होती. ट्रॅक्टरचा सुटा भाग शोधणारा माणूस मात्र अंक टाकून शोधत नाही, तो नाव टाकतो, म्हणून यंत्रांच्या काळात नावाचा प्रश्न पुन्हा मूळपदावर आला.

मराठी मजकूर आंतरजालावर आला तो यंत्राला न कळणाऱ्या स्वरूपात. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतप्रणाली होती आणि भारतीय मानक ब्यूरोने तिला १९९१ मध्ये मानक म्हणून मान्यताही दिली होती. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने त्या आधारावर संगणकात देवनागरी आणण्याचे मोठे काम केले. त्याच १९९१ मध्ये जगातील सर्व लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली होती. तरीही छपाईच्या व्यवसायात आणि तिथून वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर रुळले ते वेगळेच फाँट. त्यांत देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, मात्रा, अर्धी अक्षरे, रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. पडद्यावर ‘देवगाव फाटा’ असे सुबक दिसे, पण साठवलेल्या नोंदीत रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची निरर्थक रांग असे. तो फाँट नसलेल्या वाचकाला तीच रांग दिसे आणि शोधयंत्रालाही तीच. प्रत्येक वृत्तपत्राचा फाँट निराळा असल्याने रांगाही निराळ्या होत्या. परिणामी त्या वर्षांतील तालुका पातळीवरच्या बातम्यांचा मोठा साठा आंतरजालावर असूनही शोधणाऱ्याच्या दृष्टीने नव्हताच, आणि हे नुकसान मराठीत जितके गांभीर्याने मोजले जायला हवे होते तितके मोजले गेलेले नाही.

विंडोज २००० या प्रणालीत मंगल फाँटासह देवनागरीची सोय आल्यावर चित्र हळूहळू पालटले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात वृत्तपत्रांची संकेतस्थळे एकामागून एक युनिकोडवर गेली. शोधयंत्रात मराठी मजकूर दिसू लागण्याची खरी सुरुवात ही होय; तिच्यासाठी कोणाला कसलीही क्लृप्ती करावी लागली नाही, अक्षराला त्याचा क्रमांक मिळाला इतकेच.

तरी युनिकोडनेही सगळे एकदम सरळ झाले नाही, आणि त्यासाठी कृषी सेवा केंद्राच्या नावातील ‘ॲग्रो’ हा शब्द पाहणे पुरेसे आहे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. तोवर कोणी ‘अ’वर चंद्र देऊन ते जुळवी, तर कोणी हिंदीत चालणारे ‘ऍ’ वापरी. वाचणारा हे तिन्ही प्रकार एकच समजतो, यंत्राच्या लेखी मात्र ते तीन वेगळे शब्द असतात. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातील ‘ऱ्य’चीही हीच गत आहे, कारण तो दोन वेगवेगळ्या क्रमांकमालिकांनी लिहिता येतो आणि दोन्हींचे रूप पडद्यावर तंतोतंत सारखे दिसते. शोधयंत्रे आता असे भेद बऱ्याच अंशी जुळवून घेतात, पण ही सुधारणा उशिरा झाली आणि तोवर दुकानदाराला आपले नाव का सापडत नाही हे डोळ्यांनी तपासून कळणेही अशक्य होते.

याहून खोल अडचण मराठीच्या विभक्तीची. ‘देवगाव फाटा’ हे नाव बोलण्यात क्वचितच तसेच राहते. माणूस ‘फाट्यावर’ उतरतो, ‘फाट्याला’ थांबतो, ‘फाट्याजवळचे’ दुकान विचारतो, आणि प्रत्येक वेळी ‘फाटा’चे ‘फाट्या’ असे सामान्यरूप होते. केवळ अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राला ‘फाटा’ शोधताना ‘फाट्यावर’ लिहिलेले पान सापडत नाही. ही अडचण सोडवण्याचे पद्धतशीर प्रयत्न भारतातच झाले : भारतीय भाषांतील माहितीशोधाची पारख करणारा ‘फायर’ हा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच फेरीत बंगाली व हिंदीच्या बरोबरीने मराठी होती, आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘संधान’ या शोधयंत्रातही मराठी होती, मात्र त्याचे क्षेत्र पर्यटनापुरते होते. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये गूगलने वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध पाहून अर्थ लावणारी ‘बर्ट’ ही पद्धत सत्तरहून अधिक भाषांच्या शोधात आणली, त्यांत मराठी होती.

क्लृप्त्यांचा इतिहास त्या मानाने थोडक्यात आटोपतो. पानाच्या आत न दिसणारे शेकडो शब्द कोंबण्याची पद्धत एके काळी फार चालली. त्यासाठी वापरली जाणारी शब्दांची खूण आपण क्रम लावताना पाहत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले, तर विकत घेतलेल्या दुव्यांवर २०१२ च्या ‘पेंग्विन’ या बदलाने गदा आणली. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतः सांगत असतानाही तशी हमी विकणारे मुंबई-पुण्यापासून जिल्ह्याच्या गावापर्यंत सर्वत्र भेटतात, हा भाग वेगळा.

फाट्यावरील व्यवसायांपर्यंत शोध प्रत्यक्ष पोचला तो मोबाइलमुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला, ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलचा आवाजी शोध मराठीतही आला आणि त्यामुळे लिहिण्याची सवय नसलेल्या माणसालाही नाव नुसते उच्चारून विचारता येऊ लागले. याच काळात नकाशावरील नोंद संकेतस्थळापेक्षा महत्त्वाची ठरली, कारण स्थानिक शोधात गूगल सुसंगती, अंतर आणि ख्याती या तीन गोष्टी पाहते. यांतील अंतराची कसोटी फाट्याला अनुकूल आहे : त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलवर जालन्याच्या मोठ्या दुकानाआधी तेथील लहान दुकान येऊ शकते, अट एवढीच की त्याची नोंद असली पाहिजे आणि नाव वाचता आले पाहिजे.

म्हणूनच फाट्यावरील व्यावसायिकांनी आणि ग्रामपंचायतीने महागडी हमी विकत घेण्याआधी आपली नोंद स्वतः तपासावी. नाव देवनागरीत पूर्ण आणि सर्वत्र एकाच पद्धतीने लिहावे, पत्त्यात सेलू तालुका, परभणी जिल्हा व पिनकोड द्यावा, आणि नावापुढे ‘सर्वोत्तम’, ‘स्वस्त’, ‘जिंतूर’, ‘मंठा’ असे शब्द जोडू नयेत, कारण व्यवसायाचे नाव प्रत्यक्ष पाटीवर आहे तसेच नोंदवावे असा गूगलचा नियम आहे आणि तो मोडणारी नोंद बंदही केली जाऊ शकते.