गाळ

आमचं गाव भीमेच्या काठाला. अलीकडं दौंड तालुका, पलीकडं शिरूर. वरच्या अंगाला रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते, त्यामुळं पुण्याचा पूर आमच्या दारावरनं जातो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ते पाणीही याच वाटेनं खाली गेलं. वडील म्हणायचे, "पाणी जातं, गाळ राहतो."

मला मात्र भीमेनं नाही, मुंबईच्या पुरानं बुडवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या दौंडकडं वर्षात त्याच्या निम्मा पडला तरी दिवाळी गोड होते. मुंबईत हजारो गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या काही धुऊनपुसून स्वस्तात बाजारात आल्या.

२००६ ला उसाचं बिल आलं आणि एका दलालाकडनं मी पांढरी गाडी घेतली. नवी सीटकव्हरं, आत अत्तराचा घमघमाट. एवढं अत्तर कशाला, हे विचारायची बुद्धी झाली नाही.

श्रावणात एका रात्री आईच्या छातीत दुखायला लागलं. तिला घेऊन शिरूरला निघालो. पारगावचा पूल ओलांडला आणि न्हावऱ्याच्या अलीकडं दिवे गेले, इंजिन बंद. आई मागं घामाघूम. अर्ध्या तासानं दुधाचा टेम्पो आला, त्यात तिला घातली. वाचली.

मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी मॅट उचललं. खाली वाळलेला गाळ, वायरींच्या जोडांवर हिरवा गंज. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, तर त्यावर पाण्याची रेघ. म्हणाला, "दादा, इंजिनात पाणी असताना चावी मारली की रॉड वाकतो, ते लगेच कळतं. वायरीतला गंज वर्षानं गाठतो." नदीकाठी जन्म गेला, आन् मला गाळ वळखू आला नाही!

दलाल म्हणाला, "परत चकाचक करू, नगरकडं खपवू." सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं. मन डळमळलं.

आईनं खाटेवरनंच विचारलं, "गाडीचं काय केलं?"

"इकायची."

"सांगून इक."

सांगितल्यावर कोण घेतो? शेवटी भंगारात वजनावर गेली. कर्ज फेडायला तीन हंगाम लागले.

२०१९ ला भीमा चढली. शेजाऱ्याची गाडी अंगणात दारापर्यंत बुडाली. पाणी उतरल्याबरोबर गडी चावी घेऊन पळाला. मी त्याच्या हातातनं चावी काढून घेतली. म्हणलं, "चालू करू नको. आधी बॅटरीची तार सोड, मग मिस्त्रीला बोलाव. आन् उद्या इकलीस, तर सांगून इक."