निळा छाप व घरची अंधारखोली
अंधारखोली म्हणजे निबिड काळोख, हा समज छायाचित्रणाच्या सर्व प्रक्रियांस लागू नाहीं. सर जॉन हर्शेल यांनीं इ. स. १८४२ मध्यें शोधिलेल्या सायनोटाइपांत लोहक्षारांचा लेप दिलेला कागद मुख्यतः अतिनील किरणांनीं पालटतो. म्हणून खिडक्या झांकलेली खोली, मंद पिवळा दिवा व धुण्यास पाणी एवढें पुरतें. ॲना ॲटकिन्स या विदुषीनें १८४३ पासून आपल्या शैवालग्रंथांतील चित्रेंच नव्हे, तर हस्तलिखित मजकूरहि याच रीतीनें छापला. संग्राहकांनीं मात्र एक पथ्य पाळावें. छापास ऊन लागतें, आणि उन्हानें जुना कागद ठिसूळ होतो. यास्तव मूळ पत्र उन्हांत न ठेवितां त्याच्या निगेटिव्हवरूनच छाप काढावा. नकलेसाठीं अस्सल गमावणें हा संशोधनाचा मार्ग नव्हे.