घटक चाचणी

मंडळी, उन्हाळ्यात नात पुण्याहून सेमाडोहला आली होती. ती सॉफ्टवेअर कंपनीत आहे. इथे मोबाईलला रेंज मिळेना, त्यामुळे तिला सुट्टी आणि मला शिकवणी मिळाली.

"आजोबा, आम्ही दिवसभर युनिट टेस्ट चालवतो," ती म्हणाली. मला हसू आले. युनिट टेस्ट म्हणजे आमची घटक चाचणीच की!

तिच्याकडून ऐकले आणि मग थोडे वाचलेही. पूर्वी पुष्कळ ठिकाणी आख्खा प्रोग्रॅम लिहून झाल्यावर तपासत, म्हणजे थेट वार्षिक परीक्षा. 1994 साली केंट बेक यांनी स्मॉलटॉक या संगणकभाषेसाठी चाचण्यांची एक साधी चौकट मांडली. अमुक दिले तर तमुकच उत्तर यायला हवे, हे आधी लिहून ठेवायचे आणि तपासायचे यंत्राने. 1997 साली बेक आणि एरिक गॅमा झ्युरिकहून अटलांटाला निघाले होते. त्या विमानप्रवासात दोघांनी जावा भाषेसाठी तशीच चौकट लिहायला घेतली. तीच पुढे प्रसिद्ध झालेली जेयुनिट.

पण चाचण्या वाढत वाढत हजारोंवर जातात. सगळ्या चालवायला तास-तास लागले, की माणूस कंटाळतो आणि चालवणेच सोडतो. यावर ग्रेग रॉदरमेल आणि मेरी जीन हॅरॉल्ड यांनी 1997 सालीच एक रीत प्रसिद्ध केली. प्रोग्रॅमचा जो भाग बदलला, त्यातून जाणाऱ्या चाचण्या शोधायच्या आणि तेवढ्याच पुन्हा घ्यायच्या. बेक यांनी 2004 च्या पुस्तकात तर नियमच सांगितला, की सगळी जुळणी आणि तपासणी दहा मिनिटांत व्हावी.

नात म्हणाली, "छोट्या चाचण्या प्रत्येक बदलानंतर. मागे नापास झालेल्या आधी. वेळखाऊ असतील त्या रात्री, चार यंत्रांवर वाटून. आणि माल बाहेर द्यायच्या आधी मात्र सगळ्या."

"एवढी घाई कशाला?" मी विचारले.

"आत्ता काय लिहिलं ते डोक्यात असतं ना! चूक लगेच सापडते. महिन्यानं कळलं तर शोधत बसा."

हे ऐकले आणि मी गप्प झालो.

नोकरीतली गोष्ट आठवली. ऑगस्टमध्ये गणिताची घटक चाचणी घेतली होती. इतर कामांच्या रगाड्यात गठ्ठा कपाटात राहिला, तो दिवाळीनंतर सोडला. एका कोरकू मुलाची हातच्याची प्रत्येक वजाबाकी चुकली होती. चूक एकच, पण सगळीकडे तीच. ऑगस्टमध्ये ती एका तासात सुधारली असती. तोवर भागाकार सुरू झाला होता, आणि भागाकारात पावलोपावली वजाबाकी. पोरगा मागे पडत गेला, वार्षिकला नापास झाला. मी घरी गेलो, तर बाप म्हणाला, "राहू द्या गुरुजी, त्याले आता ढोरं चारू द्या."

चाचणी मी घेतली होती, मंडळी. वेळेवर पाहिली नव्हती.

असो. माझे जुने सहकारी हे वाचत असतील, तर त्यांनीही आपापले कपाट आठवून पाहावे.