मतमूल्यातील विषमता : पिंपरी-चिंचवड-चाकण

सर्व मतदारसंघांतील मतांचे वजन सारखे नसणे म्हणजे मतमूल्यातील विषमता. सध्याचे मतदारसंघ २००१ च्या जनगणनेनुसार आखून २००८ मध्ये लागू झाले. त्यानंतर चिंचवड मतदारसंघातील वाकड, रावेत येथे टोलेजंग सोसायट्या उभ्या राहिल्या. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत चिंचवडमध्ये सहा लाखांहून अधिक मतदार होते, मुंबईतील वडाळ्यात सुमारे दोन लाख. आमदार दोन्हीकडे एकच. चिंचवडकराचे मत एक तृतीयांश वजनाचे ठरावे, हा उघड अन्याय आहे. ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या आणि मतदारसंघांच्या सीमा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवल्याने सुधारणा लांबली. चाकणच्या कारखान्यांतील परगावच्या कामगारांची अडचण वेगळी : नाव गावच्या यादीत असेल, तर मतदानासाठी रजा काढून गावीच जावे लागते.