निराळ्या पिसांचीं बदकें

हिवाळ्यांत तळ्यावरची शिकार आटोपली म्हणजे पाडलेलीं बदकें गवतावर ओळीनें मांडावयाचीं आणि मग मोजावयाचीं, अशी इंग्रजी अमदानींतील शिकारी मंडळींची रीत होती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं भरतपूरच्या पाणथळीवर व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मंडळीनें एका दिवसांत ४,२७३ पक्षी पाडले. तो आंकडा तेथील शिळेवर कोरलेला आजही वाचावयास मिळतो. मोजणाऱ्याचें काम सोपें असतें. परंतु त्या ओळीपुढें उभें राहून हें अमुक, तें तमुक, असें ज्यास सांगावें लागे, त्याची कधींकधीं मोठी पंचाईत होत असे. तलवार बदक शेपटीवरून ओळखतें, थापट्या चोंचीवरून. आमच्या लोकांनीं तर चोंचीचें पिवळें टोक आणि तिच्या मुळाशीं असलेले तांबडे ठिपके पाहून एका बदकाचें नांव हळदीकुंकू असें ठेविलें; तें ज्यानें ठेविलें त्याच्या नजरेस आमचा नमस्कार असो. पण ओळींत एखादें बदक असें निघे कीं तें कोणत्याच नांवांत बसावयाचें नाहीं. मग तें संकराचें, कीं रोगट, कीं अर्धवट पिसें झडलेलें, कीं खरोखरच आजवर कोणीं न पाहिलेलें? अशा थोड्या बदकांचा इतिहास आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. आम्हीं स्वतः बंदूक कधीं हातीं धरलेली नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

या घोटाळ्याचें पहिलें कारण अगदीं घरगुती आहे. बदकांच्या नराचा भरजरी पोशाख बारमाही नसतो. विणीचा हंगाम सरतांच तीं रंगीत पिसें झडून पडतात आणि नर मादीसारखा करडा, मळकट दिसूं लागतो. पुढें उडण्याचीं मोठीं पिसेंही एकदम गळतात, आणि कांहीं आठवडे त्यास उडतां येत नाहीं. हा फेरफार ज्यानें बारकाईनें वर्णिला तो चार्ल्स वॉटर्टन हा यॉर्कशायरमधील जमीनदार. नराच्या या अवस्थेस इंग्रजींत जो ग्रहणवाचक शब्द रूढ आहे, तो त्याच्याच लेखणींतून आलेला. गंमत अशी कीं, वॉटर्टननें १८२६ च्या सुमारास आपल्या वाड्याभोंवतीं सुमारें तीन मैलांची उंच भिंत घालून आंत पक्ष्यांवर बंदूक चालविण्यास सक्त मनाई केली होती. लोक त्यास विक्षिप्त म्हणत, आणि तो होताही तसा. परंतु मारलेल्या पक्ष्यावरून जें कळणें कठीण, तें त्याला जिवंत पक्षी महिनोन् महिने पाहून कळलें. मेलेलें बदक एका दिवसाचाच पोशाख दाखवितें. आपल्याकडे उत्तरेकडून येणारीं बदकें सप्टेंबर-ऑक्टोबरांत उतरतात, तेव्हां पुष्कळ नर अजून ग्रहणांतच असतात. त्यामुळें हंगामाच्या आरंभीं यंदा माद्याच फार आल्या, अशी नवख्या शिकाऱ्याची समजूत झाली तर त्यास फारसा दोष देतां येत नाहीं.

याच्या उलट प्रकारही घडतो. म्हातारी किंवा अंडकोश बिघडलेली मादी नराचीं पिसें धारण करूं लागते. अमेरिकन संशोधक गुडेल यानें १९१६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांत पाळीव बदकींचे अंडकोश काढून टाकले, तेव्हां त्यांस नराचा पोशाख आला. म्हणजे बदकांत भपका हीच मूळची स्थिति, आणि मादीचा साधेपणा हा तिच्या अंडकोशांतील रसाचा परिणाम! हें वाचून कित्येकांस विस्मय वाटेल. आम्हांस तर प्रथम तें खरेंच वाटेना.

परंतु खरी गुंतागुंत संकरानें होते. पक्ष्यांमध्यें भिन्न जातींचा संकर बदकांइतका सहज क्वचितच होतो, आणि त्या संततीचीं पिसें दोन्हीं आईबापांहून अशीं कांहीं वेगळीं निघतात कीं पाहणारा चकतो. १८२२ सालीं लुइझियाना प्रांतांत ऑड्युबॉन या प्रसिद्ध चित्रकारास असेंच एक बदक मिळालें. त्यानें त्याचें चित्र काढलें, पुढें आपल्या बोस्टनवासी मित्राच्या सन्मानार्थ त्यास ब्रूअरचें बदक असें नांव दिलें, आणि आपल्या थोर ग्रंथांत त्यास जागा दिली. तसें दुसरें बदक शोधणारे शोधीत राहिले. वस्तुतः तें नीलशीर आणि गडवाल यांच्या संकराचें होतें. अशी शंका ऑड्युबॉनच्या स्वतःच्या मनांतही येऊन गेली होती. चित्र उत्तम होतें, जात मात्र नव्हती.

आतां याच्या अगदीं उलट चूक पाहा. १८७७ च्या एप्रिलांत व्लादिवोस्तोकजवळ एक बदक मारलें गेलें आणि त्याचें कातडें कोपनहेगनच्या संग्रहालयांत गेलें. तें मादीचें होतें. १८९० सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाचे चिटणीस स्क्लेटर यांनीं तें कातडें तपासलें. स्क्लेटर हे कोणी ऐरेगैरे नव्हते. पृथ्वीवरील पक्ष्यांचे प्रादेशिक विभाग पाडून देणारा हा मनुष्य. त्यांनीं निकाल दिला कीं हा संकर आहे: एक बाजू चक्रवाकाची, दुसरी बाजू कोयत्यासारखीं वाकडीं पिसें असलेल्या एका पूर्वेकडील बदकाची. निकाल सयुक्तिक होता. एकाच कातड्यावरून नवी जात उभी करणें हें धाडस, आणि ऑड्युबॉनची फजिती सर्वांस ठाऊक. म्हणून तें बदक संकर या सदराखालीं पडून राहिलें.

पुढें १९१६ च्या डिसेंबरांत कोरियांतील पुसानजवळ तशीच एक मादी मिळाली आणि ती जपानी पक्षिशास्त्रज्ञ कुरोदा नागामिचि यांच्या हातीं आली. कुरोदांचा तर्क साधा होता. संकराचीं पिल्लें एकमेकांसारखीं हुबेहूब क्वचितच असतात; मग चाळीस वर्षांच्या अंतरानें, दोन निरनिराळ्या ठिकाणीं, एकाच नमुन्याचीं पिसें घेऊन दोन माद्या कशा जन्मास आल्या? १९१७ सालीं त्यांनीं ही स्वतंत्र जात म्हणून जाहीर केली. शंका घेणारे राहिलेच. परंतु त्याच जातीचा एक नरही कोरियांत मिळालेला होता, आणि जुन्या जपानी चित्रसंग्रहांत कोरियाहून आणविलेल्या शोभेच्या बदकांचीं जीं चित्रें होतीं, त्यांत हाच तुरेवाला पक्षी नरमादीसह सांपडला. शास्त्रज्ञ ज्यास अपघात समजत होते, त्यास हौशी लोकांनीं फार पूर्वीं पिंजऱ्यांत ठेवून त्याचें चित्रही काढून ठेविलें होतें! पण जात ठरली तेव्हां पक्षीच उरला नव्हता म्हणावयाचें. जगांत त्याचीं कातडीं तीनच आहेत. १९६४ च्या मे महिन्यांत व्लादिवोस्तोकजवळच्या बेटांपाशीं दोघां विद्यार्थ्यांनीं तो पाहिल्याचें सांगितलें. स्क्लेटरांचा निकाल बरोबर असता तर ही गोष्ट शोकाची ठरली नसती. संकराचा कोणी वंश चालावा अशी अपेक्षा करीत नाहीं. सत्तावीस वर्षें एका जातीस आपल्या जातीचा दाखलाच मिळाला नाहीं, आणि त्या अवधींत तिचा शोध घेण्याचें कोणास कारणही नव्हतें.

आतां आपल्या घरीं येऊं. हिंदुस्थानांतील निराळ्या पिसांच्या बदकांचा राजा म्हणजे गुलाबी डोक्याचें बदक. लॅथम यानें १७९० मध्यें त्यास शास्त्रीय नांव दिलें. नराचें अंग काळसर तपकिरी, आणि त्यावर मान व डोकें मात्र ताज्या गुलाबाच्या रंगाचें, चोंचही गुलाबी. मादीचा रंग तोच, पण फिका. अंडीं जवळजवळ गोल, चेंडूसारखीं. बदकाचीं अंडीं अशीं कोणीं पाहिलीं असतील? गंगेच्या उत्तरेस बिहार व बंगाल, आणि आसाम, येथील उंच गवतांत दडलेल्या डबक्यांतून हा पक्षी बारा महिने राही. थव्यांनीं मोकळ्या तळ्यावर उतरावयाचें हें त्याच्या स्वभावांत नव्हतें. विणीच्या दिवसांत जोडपें, हिवाळ्यांत लहानसा घोळका. त्या गवतांत मनुष्य पायीं शिरत नसे, हत्तीवरून जावें लागे. म्हणून तो मुळांतच दुर्मिळ होता, कीं केवळ दिसण्यास दुर्मिळ, याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाहीं.

तो ओळखण्यांत काय कठीण, असें कोणी विचारील. हातांत असल्यास कांहींच नाहीं. पण पहांटेच्या धुक्यांत डोक्यावरून निघून जाणाऱ्या पक्ष्याचा गुलाबी रंग दिसत नाहीं. दिसतें तें गडद अंग आणि फिकट डोकें. आपल्याकडे हिवाळ्यांत मोठी लालसरी नांवाचें बदक येतें. त्याच्या नराचें डोकें नारिंगी-तांबूस व चोंच लालभडक असते, आणि दुरून पाहणारास तेंच गुलाबी डोक्याचें वाटतें. खूण पंखांत आहे: लालसरीच्या पंखावर उडतांना रुंद पांढरा पट्टा चमकतो, गुलाबी डोक्याच्या पक्ष्यास तो नाहीं. त्यांतून नांवांचा घोळ वेगळाच. उत्तरेकडील शिकारी लालसर हा शब्द दोनतीन निरनिराळ्या बदकांस लावीत, आणि गुलाबी डोक्याच्या बदकाचें हिंदी नांवही गुलाब-सिर, लाल-सिर असेंच फिरे. अशा स्थितींत आम्हीं लालसर पुष्कळ पाडले असें कोणा जमीनदारानें सांगितलें, तर त्यांत काय काय होतें तें कोण सांगणार?

शिकाऱ्यांस ओळख पटावी म्हणून प्रयत्न झाले नाहींत असें नव्हे. ह्यूम व मार्शल यांचे पारधीच्या पक्ष्यांवरील तीन खंड १८७९ ते १८८१ या काळांत निघाले. कलकत्त्याच्या संग्रहालयांतील फ्रँक फिन यांनीं १९०१ मध्यें हिंदुस्थानी बदकें ओळखण्याचें लहानसें पुस्तकच काढलें. १८८३ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत स्टुअर्ट बेकर यांची बदकांवरील लेखमाला आली व १९०८ मध्यें ग्रंथरूप झाली. हीं पुस्तकें ज्यांच्या हातीं पडलीं तेच बंदूकवाले होते, आणि पुस्तकानें दुर्मिळ म्हटलेला पक्षी दिसतांच त्यांतील पुष्कळांस तो आपल्या संग्रहीं असावा असें वाटे. ज्ञान वाढविण्याचा त्या काळीं दुसरा मार्ग नव्हता, असें त्यांच्या बाजूनें म्हणतां येईल. आम्हांस वॉटर्टनची भिंत आठवते.

तरी केवळ बंदुकीनें हा पक्षी गेला, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. त्याचें मांस कांहीं विशेष गोडीचें म्हणून त्याची ख्याति नव्हती. बिहार-बंगालांतील गवताळ रानें तोडून तेथें शेतें झालीं, हें मोठें कारण असावें. जो अगोदरच थोडा होता त्याचें घर लहान झालें, आणि उरलेल्यांवर हौशी लोकांची नजर पडली. कलकत्त्याच्या पक्षिबाजारांत तो अधूनमधून विकावयास येई. तेथील डेव्हिड एझ्रा यांच्यामार्फत कांहीं पक्षी त्यांचे बंधु आल्फ्रेड एझ्रा यांच्या इंग्लंडांतील बागेंत पोंचले. फ्रान्सांत देलाकूर यांच्या क्लेर येथील बागेंतही ते होते. जिवंत पक्ष्याचीं जीं थोडीं छायाचित्रें आज पाहावयास मिळतात, तीं या पाळलेल्या पक्ष्यांचीं. त्यांनीं तेथें अंडीं घातलीं नाहींत. रानांतला शेवटचा नि:संशय पक्षी १९३५ सालीं दरभंगा जिल्ह्यांत इंग्लिस यांनीं मारला. इंग्लिस हे पूर्वीचे निळीचे मळेवाले, पक्ष्यांचे चांगले जाणकार, पुढें दार्जिलिंगच्या संग्रहालयाचे व्यवस्थापक. म्हणजे ओळख न पटणाऱ्या माणसाच्या हातून तें घडलें, असेंही म्हणावयास जागा नाहीं.

पुढें १९५६ मध्यें या बदकाच्या शिकारीस बंदी झाली. १९६० सालीं सलीम अली यांनीं त्याची सर्व माहिती एकत्र करून लेख लिहिला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तर शिकारीचें प्रकरणच बदललें. संग्रहालयांतून त्याचीं सुमारें ऐंशीं कातडीं आहेत. पक्षी दिसल्याच्या वार्ता मात्र १९३५ नंतरही येत राहिल्या. तपास करतां त्यांतील पुष्कळ मोठ्या लालसरीच्या निघाल्या. २००३ नंतर ब्रह्मदेशाच्या उत्तरेकडील काचिन मुलखांत शोधकांच्या टोळ्या अनेकवार जाऊन आल्या. गवताच्या भिंतीआड, पाण्यापासून दूर राहून, ते दुर्बिणी लावून बसतात, आणि उडालेल्या प्रत्येक गडद बदकाच्या पंखावर पांढरा पट्टा आहे कीं नाहीं तें पाहतात. आजवर तो पट्टाच दिसला आहे.