थ्री नॉट थ्रीची उतरंड

निवडणुकीची आचारसंहिता लागली की मराठवाड्यातल्या पोलीस ठाण्यांत परवान्याच्या बंदुका जमा व्हायला लागतात. फडक्यात गुंडाळलेली हत्यारं घेऊन परवानेधारक येतात, नोंद होते, पावती मिळते. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या शेतीच्या गावी या बंदुका कोणत्या असू शकतात, हे कायद्यानंच जवळपास ठरवून ठेवलेलं आहे. रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीची बंदूक, घरदाराच्या रक्षणासाठी बारा बोअर आणि फारच झालं तर एखादी ३१५ बोअरची रायफल.

या ३१५ बोअरच्या शेजारी पोलिसाची जुनी ३०३ ठेवून पाहिली की जाणकाराला लगेच कळतं, दोघी सख्ख्या बहिणी आहेत. बोल्ट तसाच, तो वर उचलून मागे ओढायची ढब तीच. फरक आहे तो काडतुसाचा. एकीत जाणारं काडतूस दुसरीत चालत नाही, आणि ते चालू नये हाच त्यामागचा हेतू होता. हा हेतू कुठून आला ते पाहायला लागलं की मराठवाड्याचा दोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास उलगडत जातो.

जालन्याच्या मातीला फौजी बंदूक नवी नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच जिल्ह्यातल्या असईजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेली. शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या हातातल्या बंदुका इंग्रजांच्या बंदुकांच्या तोडीस तोड होत्या, कारण शिंद्यांच्या नोकरीतल्या युरोपियन सेनानी दि बॉयनं आग्र्याला उभ्या केलेल्या कारखान्यांत तोफा ओतल्या जात आणि बंदुकाही घडत. त्या काळी देशी कारागीर आणि विलायती कारागीर यांच्यात बंदुकीपुरतं फारसं अंतर उरलेलं नव्हतं.

पुढे जालन्यात छावणी पडली ती हैदराबाद कंटिंजंटची. निजामाच्या पैशानं उभी राहिलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची ही फौज. जालना, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, एलिचपूर अशा ठिकाणी तिची ठाणी होती. तिचा खर्च निजामाला पेलेना, तेव्हा १८५३ च्या तहानं वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे गेला. एका फौजेच्या पगारापायी अख्खा वऱ्हाड निजामाच्या हातातून निसटला.

१८५७ चा उठाव एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून पेटला, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. त्यानंतर काय झालं ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. देशी पलटणींना ज्या एनफिल्ड दिल्या गेल्या, त्यांच्या नळीतले आटे काढून टाकलेले होते. नळीच्या आतल्या पिळदार खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि लांबवर सरळ जाते. आटे नसले की पल्ला कमी आणि नेमही कच्चा. मग हा शिरस्ताच पडला. गोऱ्या शिपायाला मार्टिनी-हेन्री मिळाली की त्याची जुनी स्नायडर देशी शिपायाला. गोऱ्याला लागोपाठ गोळ्या झाडणारी ली-मेटफर्ड आली की देशी शिपायाला मार्टिनी. हत्यार एक पिढी जुनं झालं की मगच ते एक पायरी खाली उतरायचं, आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर पोलीस.

रयत तर या उतरंडीच्या बाहेरच राहिली. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली आलेल्या शस्त्र कायद्यानं ब्रिटिश मुलखातल्या देशी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरवलं. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्याच अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव आला. पुढे सरकारनं काडतुसांवरही नजर ठेवली. फौजेच्या रायफलीची काडतुसं चोरून बाहेरच्या बंदुकीत वापरता येऊ नयेत, म्हणून फौजी बोअरच्या बंदुका खासगी माणसाला बंद झाल्या. शिकाऱ्यांसाठी मग ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं आठ मिलिमीटरचं काडतूस पुढे आलं आणि फौजेच्या ३०३ चा, म्हणजे ली-एनफिल्डचाच बोल्ट त्याला जोडला गेला. आजची ३१५ बोअर तिथून चालत आलेली आहे.

ली-एनफिल्डमधले ‘ली’ म्हणजे जेम्स पॅरिस ली. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या या कारागिरानं बोल्ट आणि खालून बसणारी पेटी यांची जोडणी सुचवली. एनफिल्ड हे लंडनजवळच्या सरकारी कारखान्याचं गाव. १९०७ साली या रायफलीचं ‘मार्क तीन’ हे रूप आलं. वजन चार किलोच्या आसपास, पेटीत दहा गोळ्या, नळीचा व्यास इंचाचा तीनशेतीन सहस्रांश. या आकड्यावरूनच पोलिसांच्या तोंडी ‘थ्री नॉट थ्री’ बसलं. बोल्ट इतका सहज फिरतो की सराव झालेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमाच्या गोळ्या झाडायचा. कलकत्त्याजवळच्या ईशापूर कारखान्यात या रायफली भारतातच बनायला लागल्या आणि त्यांची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीत तयार होऊ लागली.

तोवर जालन्याची छावणी उठली होती. १९०३ मध्ये कंटिंजंट ब्रिटिश-भारतीय सैन्यात विलीन झाली. तिच्या घोडदळातून आलेली विसावी डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुडजवळ भाले सरसावून दौडली. तिच्या पायदळाची आधी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये कुमाऊं रेजिमेंट. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखच्या रेझांग ला खिंडीत मेजर शैतानसिंग यांच्याबरोबर लढलेले तेराव्या कुमाऊंचे जवान याच रेजिमेंटचे. सोळा हजार फुटांवरच्या थंडीत, आपोआप गोळ्या झाडणाऱ्या चिनी बंदुकांसमोर, त्यांच्या हातात होती तीच बोल्टची थ्री नॉट थ्री. प्रत्येक गोळीनंतर गारठलेल्या बोटांनी बोल्ट ओढायचा आणि पुन्हा नेम धरायचा. त्या कंपनीतले शंभराहून अधिक जवान तिथेच कामी आले.

मराठवाड्याच्या घराघरांत मात्र या रायफलीची आठवण आहे ती १९४८ ची. महायुद्ध संपलं होतं आणि जगभर शिल्लक शस्त्रांचे आणि विमानांचे ढीग पडले होते. भारतात विलीन व्हायला नकार देणाऱ्या निजामासाठी शस्त्रं आणायला सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक पुढे आला. लँकेस्टर बॉम्बरची मुलकी आवृत्ती असलेली लँकेस्ट्रियन विमानं घेऊन तो कराचीहून हैदराबाद संस्थानात रात्री खेपा घालत होता. खाली गावांमध्ये लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या निजामसमर्थक रझाकारांची दहशत होती. त्यांच्यासमोर स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीवरच्या कॅम्पांतून लढत होते, तुटपुंज्या बंदुका आणि हातबाँब घेऊन. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटली गेली ती याच लढ्याला पैसा हवा म्हणून.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. त्या आठवड्यात जालना, औरंगाबाद ताब्यात आलं आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. ब्रिटिश घडणीच्या दोन फौजा समोरासमोर होत्या आणि दोन्हीकडच्या पायदळाची मूळ रायफल एकच होती, ली-एनफिल्ड.

जेमतेम अडीच महिन्यांनी, १९४८ च्या डिसेंबरात, घटना समितीत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा विषय निघाला. हरी विष्णू कामत यांनी तशी दुरुस्ती मांडताना १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावाची आठवण दिली. त्यात हा हक्क मान्य केलेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिलं. ब्रिटिशांनी देश निःशस्त्र केला, त्या संतापातून कराचीचा ठराव आला होता. स्वतंत्र देशात सरसकट हक्क लिहून दिला तर अट्टल गुन्हेगारही तो मागेल, असा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती नामंजूर झाली. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं मग सगळ्या देशाला एक चौकट दिली. शेतकऱ्याला पीकरक्षणासाठी ठासणीची आणि स्वसंरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची, आटे नसलेली बंदूक, ही तरतूद त्या कायद्यात आहे. फौजी बोअरची रायफल निषिद्ध यादीतच राहिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारही जवळजवळ थांबली आणि ३१५ बोअरला घरातल्या कपाटाशिवाय दुसरं ठिकाण उरलं नाही.

म्हणूनच अमेरिकेत फौजेची शिल्लक रायफल दुकानात मिळते, तशी ती इथे कधीच मिळाली नाही. रेझांग लाच्या वर्षानंतर भारतीय सैन्यानं नवी रायफल घेतली. ईशापूरनं काही काळ जास्त मजबूत पोलादात ७.६२ मिलिमीटरची ली-एनफिल्डही बनवली. त्यातल्या हजारो पुढे अमेरिकेत शिल्लक माल म्हणून विकल्या गेल्या आणि तिथले हौशी नेमबाज आजही त्या झाडतात. बंगालमध्ये घडलेली रायफल टेक्सासमधल्या शेतकऱ्याच्या भिंतीवर टांगलेली असते. परतूरच्या शेतकऱ्याला ती बाळगता येत नाही.

इथे थ्री नॉट थ्री उतरली पोलिसांकडे. जालन्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक तीन आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्रही आहे. मराठवाड्यातल्या कित्येक पोलिसांनी आयुष्यातली पहिली गोळी चांदमारीच्या मैदानावर थ्री नॉट थ्रीनंच झाडली. दस्ता खांद्यात घट्ट रोवायचा, नाहीतर धक्क्यानं खांदा काळानिळा होतो. चाप दोन टप्प्यांत दाबायचा: पहिला सैल, दुसऱ्याला श्वास रोखायचा. दस्त्याच्या टोकाला पितळी झाकण असतं. त्याच्या आत तेलाची कुपी आणि नळी साफ करायची दोरी. जुन्या काडतुसांतल्या क्षारांमुळे नळी गंजायची, म्हणून गोळीबारानंतर आधी उकळतं पाणी ओतायचं आणि मग तेलाची चिंधी ओढायची. एनसीसीच्या मुलांच्या वाट्याला कवायतीला तीच रायफल यायची, गोळी न झाडणारी. काही ३०३ चे आटे काढून ४१० बोअरच्या मस्केटी केल्या गेल्या आणि त्या तुरुंगाच्या पहारेकऱ्यांकडे गेल्या. १८५७ नंतरचीच युक्ती पुन्हा वापरली गेली.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर या उतरंडीची किंमत मोजावी लागली. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची थ्री नॉट थ्री हातात घेऊन एके-४७ वाल्या दहशतवाद्यांवर गोळ्या झाडल्या. एका गोळीनंतर दुसरी झाडायला बोल्ट ओढावा लागतो. समोरून तोवर अख्खी फैर येते. त्यानंतर महाराष्ट्रात जुन्या रायफली बदलण्याला वेग आला. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात थ्री नॉट थ्रीला निरोप दिला.

दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनी ध्वजारोहण होतं, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते आणि पोलिसांची तुकडी हवेत फैरी झाडते. तुकडीकडे बोल्टची जुनी रायफल असेल तर दोन फैरींच्या मधल्या शांततेत सगळे बोल्ट एकदम मागे-पुढे झाल्याचा खडखडाट ऐकू येतो आणि पितळी पुंगळ्या फरशीवर टणटणत पडतात. बँड थांबतो, गर्दी पांगायला लागते. एक शिपाई वाकून पुंगळ्या वेचतो, मोजतो, आणि आकडा जुळला की त्या पेटीत टाकून ठाण्याकडे निघतो.