शेरापासून न्यायापर्यंत
आजचा जोयडा तालुका, तेव्हाचा सुपा, १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्याच वर्षी देशभर वजने-मापे एकसारखी करणारा कायदा झाला. पुढे शेराच्या जागी किलो आला. माप खरे झाले, पण फसलेल्या गिऱ्हाइकाला भरपाई कोण देणार? १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत स्थापिली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. मात्र बेळगावी घेतलेल्या मालाचा दावा सामान्यतः बेळगावीच लावावा लागे. गरिबाला ते कसे परवडावे? २०१९ च्या कायद्याने, जुलै २०२० पासून, ही अडचण दूर केली. आता जोयडेकराची तक्रार कारवारच्या जिल्हा आयोगात चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. पावती तेवढी मागून घ्यावी व जपून ठेवावी.